समेआधीचा ठोका

जावातल्या आमच्या गावच्या गामेलान वाद्यवृंदात मी चाळीस वर्षं मोठा गोंग, म्हणजे टांगलेली काशाची तबकडी, वाजवतो. काम तसं सोपं. बाकीची मंडळी आवर्तनभर राबतात आणि शेवटी समेवर मी एकच ठोका देतो. मधल्या वेळात जागं राहायचं, बस. माझ्यासारख्या चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला साजेसंच काम.

पण गोष्ट माझी नाही, वागियोची.

वागियोचं बांतूलच्या बाजारात फोटोचं दुकान. ओळखपत्राचे फोटो काढायचे. जन्मसाल विषम असलं की मागे लाल पडदा, सम असलं की निळा. त्यावर पोट भरायचं, पण डोळ्यांची भूक काही भागायची नाही. जोगजा शहरात चित्रांचं प्रदर्शन लागलं की दुकानाला कुलूप. एकदा भात पाखडणाऱ्या बाईचं चित्र बघून आला आणि महिनाभर गावातल्या बायकांच्या हातांमागे कॅमेरा घेऊन हिंडला. माझी बायको वैतागून म्हणाली, "कांग वागियो, एखादा तोंडाचाही काढा की! हातांना नुसती हळद लागलीय." पुढे मोटारसायकलवर टांग टाकून पार उत्तरेच्या किनाऱ्यापर्यंत गेला आणि घेऊन काय आला, तर मिठागरांचे फोटो. मी विचारलं, "अरे, समुद्र कुठाय?" तर म्हणे, "तो सगळ्यांनी काढलाय, म्बाह." म्बाह म्हणजे आजोबा, गावात मला सगळे तसंच म्हणतात.

तरी त्याचा जीव रमायचा तो आमच्या तालमीत. आमच्या जुन्या पाच दिवसांच्या आठवड्यातला पोन हा वार दर पस्तीस दिवसांनी रविवारी येतो; त्या पोनच्या रविवारी दुपारी आम्ही बसतो. वाद्य ओलांडून जायचं नाही हा आमचा नियम. म्हणून तो भिंतीच्या कडेकडेनं सरकत कोपऱ्यात यायचा, कॅमेरा मांडीवर ठेवून डोळे मिटायचा. अख्खं आवर्तन ऐकायचा आणि माझा ठोका पडला की एकदाच बटण दाबायचा. म्हणायचा, "समेवर माणूस चेहरा सैल सोडतो. तेवढ्यात गाठायचा."

हे सगळं त्यानं गालिहला शिकवलं. गालिह बँकेची नोकरी सोडून आलेला तिशीतला गडी. नऊ वर्षं वागियोच्या घरी जेवला, त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून हिंडला, तालमीत त्याच्या शेजारी डोळे मिटून बसला, कांग कांग करत थोरल्या भावाचा मान दिला. शेवटी म्हणाला, "कांग, तुमचे जुने फोटो सगळे विस्कटलेत. मी संगणकात नीट लावून देतो." वागियोनं तालमीच्या फोटोंची अख्खी पेटी उचलून दिली.

वर्षभरानं गालिहचं बोलावणं आलं. जोगजात त्याचं प्रदर्शन! वागियोनं बातिकचा नवा सदरा घातला, मलाही घालायला लावला. वाटेत तीनदा म्हणाला, "माझा गडी मोठा झाला, म्बाह."

आत शिरलो तर भिंतीवर आमचीच तालीम. पार्दीचा ढोल, सुमिराबाईंचा अंबाडा, माझं टक्कल. आणि प्रत्येक फोटोखाली नाव गालिहचं.

वागियो सदऱ्याचं खालचं बटण काढ-घाल करत राहिला.

मधोमध सगळ्यात मोठा फोटो होता. त्यात आमची सगळी मंडळी मान वळवून माझ्याकडे बघतायत. खाली लिहिलेलं, 'गुरूपुढे लीन'. दालनाच्या मालकीणबाई, बू रात्मी, पाहुण्यांना सांगत होत्या, "बघा, काय ही भक्ती!"

मला हसू आवरेना. "बाई, भक्ती कसली? मला डुलकी लागली होती. दचकून उठलो आणि अर्धं आवर्तन बाकी असताना ठोका हाणला! नीट बघा, पार्दी ओठ चावून हसू दाबतोय. आणि ह्या सुमिराबाई, यांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होता. त्या दिवशी कोपऱ्यात हा वागियो होता. गालिह तेव्हा बँकेत शिक्के मारत होता!"

इतकी वर्षं झाकलेली माझी लाज मी भर दालनात उघडी केली. गालिहनं हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमचे म्बाह गमतीदार आहेत. आणि हे पाक वागियो, आम्हाला गावोगाव गाडीवरून फिरवायचे."

पाक! बाहेरच्या माणसाला म्हणतात तसं.

बू रात्मींनी वागियोकडे वळून सरळ विचारलं, "फोटो तुमचे आहेत का?"

वागियोनं मान खाली घातली. "गालिहचेच आहेत."

बाहेर चहाच्या गाडीवर मी त्याच्यावर तोंड सोडलं. "अरे गाढवा, तुझ्यासाठी मी अब्रू घालवली!"

"डुलकी तुम्हीच काढली होती, म्बाह," तो म्हणाला. मग पेला खाली ठेवत म्हणाला, "आत शिरताना दाराशी गालिहचे आईबाप उभे होते. म्हातारीनं माझा हात धरून डोळ्यांना लावला. म्हणाली, तुम्ही माझ्या मुलाला माणूस केलंत. तिच्यासमोर काय सांगू?"

पोनचे पुढचे तीन रविवार गेले, वागियो तालमीला आला नाही. चौथ्याला सकाळी मीच दुकानात जाऊन बसलो होतो, तेवढ्यात बिस्किटांचा डबा घेऊन गालिह आला. पुन्हा कांग म्हणायला लागला होता.

"कांग, सिंगापूरला बोलावलंय. मिठागरांची पेटी तुमच्याकडेच राहिलीय ना?"

वागियोनं चहा केला, साखर घातली, पेला पुढे ठेवला. आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. बघू म्हणतात, उद्या म्हणतात, पाऊस येईलसं वाटतं म्हणतात. मी त्यातलंच काहीतरी ऐकायला कान लावून बसलो होतो.

"नाही," वागियो म्हणाला.

गालिहला आधी कळलंच नाही. "म्हणजे उद्या येऊ?"

"नाही. उद्याही नाही."

गालिह गेला. बिस्किटांचा डबा वागियोनं त्याच्यामागे धावत जाऊन परत दिला आणि आत येऊन माझ्यासमोर बसला.

"नऊ वर्षं, म्बाह," तो म्हणाला. "मला वाटायचं, तो माझ्याजवळ बसून ऐकतोय."