सलामी नव्हती, मार्च होता

गुरुवारी आमच्या शाळेच्या मंडपात सगळी माणसं उगाचच उभी राहिली... आणि सुरुवात झाली माझ्या वडिलांपासून. आता हसू येतंय, तेव्हा मात्र मंडपातून पळून जावंसं वाटलं होतं.

जालन्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेचा बक्षीस समारंभ होता. पाहुणे तहसीलदारसाहेब. मुलींनी बँडच्या तालावर रांगेनं मंडपातून व्यासपीठापर्यंत जायचं, असं मोठ्या बाईंनी ठरवलं आणि रांगेत पहिली मी... का, तर मी चुकत नाही म्हणे. त्यांना काय सांगू, मी भीतीपोटीच चुकत नाही!

पाऊल कधी उचलायचं ते कळावं म्हणून बाईंनी मला बँडच्या तालमीला बसवलं. बँडमास्तर पलटणीतून पेन्शन घेतलेले. ते म्हणाले, हा मार्च विलायतेत मोठमोठ्या समारंभांत वाजतो, मूळचा व्हायोलिनांच्या ताफ्यासाठी लिहिलेला. आपण तारांचं सगळं काम क्लॅरिनेटवर घेतलंय.

मला राहवेना. तारेवर ओढलेला लांब सूर फुंकून कसा निघेल? मध्ये श्वास घ्यावाच लागेल ना... विचारलंच. मास्तर खूश.

"बेटी, धूप में तार उतर जाते. फूंक कायकू उतरती?"

म्हणजे उन्हात तारा सैल पडून बेसूर होतात, फुंकेचं तसं नाही. मग श्वासाचं उत्तर म्हणून दोघा क्लॅरिनेटवाल्यांना वाजवायला लावलं. एकाचा श्वास संपायच्या आत दुसरा तोच सूर उचलतो... पुन्हा पुन्हा ऐकलं तेव्हा कुठे तो जोड मला सापडला.

घरी मी तेच गुणगुणत अंगणात चालत होते. आई म्हणाली, "आता चालायलाबी शाळा लागती का गं?" आमच्या घरात शाळेत गेलेली मीच पहिली, तेव्हा तिला सगळ्याचंच नवल.

खूण सोपी होती. आधी नुसती पितळी वाद्यं, संथ आणि भारदस्त. ती थांबून क्लॅरिनेट सुरू झालं की डावा पाय.

माझे वडील, म्हणजे दादा, तहसिलीत चपराशी आहेत. त्या दिवशी पट्टा-बिल्ला लावून ते साहेबांच्या खुर्चीमागे उभे होते. पितळी वाद्यं घुमली आणि दादांचा हात खाडकन कपाळाला गेला... त्यांना वाटलं, सरकारी सलामी! आपला चपराशी सलाम ठोकतोय हे बघून साहेब लगबगीनं उठले. साहेब उठले म्हणून व्यापारी, मास्तर, बायका, झाडून सगळे उठले. कुणी जागचं हलेना.

आणि क्लॅरिनेट सुरू झालं.

सलामी चालू असताना चालायचं म्हणजे केवढा गुन्हा! आणि ती सलामी नाही हे कळलं, तर साहेबांना उगाच उठवलं म्हणून दादांची नोकरी... पण न चालावं तर शाळेची फजिती. रांगेत माझ्या मागं उभी असलेली सुमन कुजबुजली, "हलू नको गं, मार खाशील!"

बँडमास्तर माझ्याकडेच बघत होते. पहिल्या क्लॅरिनेटचा श्वास संपत आला... दुसऱ्यानं सूर उचलला... आणि नेमक्या त्या जोडावर माझा डावा पाय पडला. मी टाकला की आपोआप पडला, मला अजून सांगता येत नाही.

मागून सगळ्या मुली निघाल्या. साहेबांनी कपाळाला आठी घातली, वळून दादांकडे पाहिलं, पुन्हा आमच्याकडे पाहिलं... आणि मिशीत हसत उभेच राहिले. मग बसणार कोण? अख्खा मंडप उभा आणि मधून आम्ही मुली!

संध्याकाळी आईची हसून पुरेवाट. "अवो, सलामी न्हाई हे कळलंच न्हाई का तुमाला?"

"कळलं की. ही चालाया लागली तवाच कळलं," दादा म्हणाले.

"मंग हात खाली घ्यायचा न्हाई का?"

दादा पट्टा पुसत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "म्हणलं, ही जाईस्तोवर राहू द्यावा वरच."

व्हायोलिनांवर तो मार्च कसा वाजत असेल, हे काही डोक्यातून जात नाही. एकदा ऐकायचाय. पण माझा मार्च क्लॅरिनेटचाच... त्यात दादांचा हात वर आहे.