आबांनी केलेला खडीचा रस्ता

सांगलीत नगरपालिकेच्या बागेत तांबड्या मुरमाच्या वाटा होत्या. पाणी मारून, चोपून इतक्या सपाट केलेल्या की त्यावर सायकलचं चाक नुसतं सरकत जावं. त्या वाटांवर मला सायकल चालवायची बंदी होती. आणि आमच्या गावाकडं नदीकाठी जो खडीचा रस्ता होता, कुठं सुपारीएवढी खडी, कुठं लिंबाएवढी, त्यावरून मला रोज सायकल चालवावीच लागायची. कारण तो रस्ता माझ्या वडिलांनी केला होता आणि ते बघत उभे असायचे. जिथं चालवावी तिथं उतरायचं आणि जिथं उतरावं तिथं चालवायची, असा माझा कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा हिवाळा गेला. इतकी वर्षं झाली, पण त्या खडीचा विषय निघाला की अजून माझं डोकं तापतं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची ही गोष्ट. आमचं गाव कृष्णेच्या काठाला, सांगलीपासून सायकलच्या टप्प्यात. मी बी.एस्सी.ला होते आणि गावातून सांगलीला शिकायला जाणारी मुलगी मी एकटीच. एस.टी. फाट्यावर आली तर भरून आलेली, थांबली तर नशीब. डांबरी रस्ता लांबचा वळसा घालून जायचा आणि कारखाना सुरू झाला की त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची. शिवाय तो रस्ता तात्यांना पसंत नव्हता. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, घरचे कर्ते. फाट्यावरच्या हॉटेलात बसलेल्या टोळक्यापुढून घरची पोरगी सायकल मारत जाणार, ही कल्पनाच त्यांना सोसेना. शेवटी नदीकाठच्या वाटेला ते तयार झाले, पण अट घालून. देवापुढं दिवा लागायच्या आत पोरगी घरात पाहिजे. एक दिवस जरी दिवा लागल्यावर उंबरा ओलांडला, तर दुसऱ्या दिवशी सायकल आढ्याला टांगायची आणि कॉलेज बंद.

घरात वीज आली होती, पण आई देवापुढं निरांजन लावी तोवर कुणी बल्बचं बटण दाबायचं नाही, हा आमच्या घरचा रिवाज होता. म्हणजे माझं शिक्षण घड्याळावर नव्हतं, त्या निरांजनावर होतं.

पहिला पावसाळा वाईट गेला. काठाची जमीन काळी, पुराच्या गाळाची, तिला मळी म्हणतात. पाऊस पडला की चाकाला चिखल चिकटून चाक फिरायचंच थांबे, मग सायकल खांद्यावर. कितीतरी दिवस माझे बुडाले. तात्या रोज संध्याकाळी म्हणायचे, एवढा सोस कशापायी? आबा, म्हणजे माझे वडील, ऐकून घ्यायचे. मग एके दिवशी ते म्हणाले की दिवाळीनंतर मी रस्ताच करून टाकतो.

आबा पलटणीत होते. हवालदार म्हणून रिटायर झाले आणि सगळी नोकरी त्यांनी डोंगरातले रस्ते करण्यात काढली होती. रस्ता हा त्यांचा विषय. गावात रिटायर फौजी पुष्कळ, सगळ्यांचे हात रिकामे, आणि फाट्याजवळ दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे ढीग तसेच पडून होते. त्या खडीचा सरकारी रस्ता काही झाला नव्हता. सरपंचांनी हो म्हटलं आणि दिवाळी झाल्यावर आबांनी फौजी मंडळी गोळा करून श्रमदान काढलं. बैलगाड्यांनी खडी आणली, फावड्यानं पसरली. काम शिस्तीत चाललं होतं, सकाळी शिट्टी, दुपारी शिट्टी. कडेला दोन्ही बाजूंनी धोंडे मांडून त्यांना चुना फासला. पलटणीत रस्त्याला असे पांढरे धोंडे लागतातच म्हणे. गावच्या वेशीपासून बाभळीच्या वळणापलीकडं, पार नदीच्या बांधापर्यंत रस्ता झाला. बघायला फार देखणा होता.

पण त्यावर ना मुरूम होता, ना पाणी, ना रोलर. मी भीत भीत विचारलं, तर आबा हसले.

"गाड्या जाऊन जाऊन दबतंय ते," म्हणाले. "आमी लडाखात असंच करायचो. आधी खडी टाकायची, मग वरनं कानवाय सोडायची. म्हैन्यात फरशीवानी हुतंय. तू रोज जा, बसंल."

कानवाय म्हणजे मिलिटरीच्या ट्रकांची रांग. आमच्या नदीकाठी कुठली कानवाय? तिथून जाणार मी, माझी जुनी लेडीज सायकल आणि डब्याची पिशवी. माझं त्या वेळचं वजन बघता खडी दबायला शंभर वर्षं लागली असती. खरा संताप याचा की दिवाळीनंतर ती वाट मुळात उत्तम असायची. चिखल वाळला की मळी दगडासारखी घट्ट होते, गुळगुळीत होते, सायकल वाऱ्यावर पळते. वर्षातले ते चांगले महिने आबांनी खडीखाली पुरले होते.

पहिल्या दिवशी अख्खी फौजी मंडळी वेशीवर उभी होती. मी सायकलवर बसले आणि पुढचं चाक जे नाचायला लागलं ते थांबेना. हँडल धरून हातांना मुंग्या आल्या, डब्याचं झाकण उडालं, दात एकमेकांवर आपटत होते. पण उतरायची सोय नव्हती. आबा छाती काढून उभे होते. बाभळीच्या वळणाआड गेल्यावर उतरले आणि रडले. दुखलं म्हणून रडले नाही, रागानं रडले.

मग रोजचं तेच झालं. आबा सकाळी मला सोडायला वेशीपर्यंत यायचे आणि मी वळणाआड जाईपर्यंत हलायचे नाहीत. तोवर मी जीव मुठीत धरून पायडल मारायची. वळणानंतर उतरून सायकल ढकलायची, आणि खडीत ढकलणं हेही काही कमी काम नाही. गवताचे भारे आणणाऱ्या बायकांनी पहिल्या दिवसापासून तो रस्ता सोडून दिला होता. त्या शेताच्या बांधावरून एकापाठी एक जायच्या. गुरंसुद्धा पांढऱ्या धोंड्यांच्या बाहेरून चालायची. सगळ्या गावाला कळलं होतं, पण हवालदारांना सांगणार कोण? ते पारावर बसून रस्त्याची गोष्ट काढत आणि लोक माना डोलावत. मी तर घरचीच. ज्यांनी माझ्यासाठी खपून रस्ता केला त्यांना तो चुकला म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

खडी संपली की नदीचा बांध, मग सांगलीचा नदीघाट, मग बाग. बागेतून गेलं की कॉलेज दोन मिनिटांवर, बागेला वळसा घातला तर बाजारातली गर्दी. म्हणून मी बागेतून जायची. तिथला रखवालदार फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला असायचा. सायकल दिसली की काठी आडवी. आत कुणी नसलं, एक चिटपाखरू नसलं तरी उतरा. मी एकदा विचारलं की माझ्या चाकानं तुमच्या वाटेचं काय बिघडणार, तर म्हणाला, आज तुम्ही जाल, उद्या सगळे जातील. मी त्या मऊ मुरमावरून सायकलचा कान धरल्यासारखी तिला ढकलत न्यायची आणि मनातल्या मनात आबांना म्हणायची, या, बघा, रस्ता याला म्हणतात.

दिवस लहान होत चालले तसा माझा जीव वर-खाली व्हायला लागला. प्रॅक्टिकल संपायची वेळ तीच, खडी तीच, आणि सूर्य मात्र रोज थोडा लवकर जायचा. मी धापा टाकत घरात शिरायची तेव्हा आईच्या हातात फुलवात असायची. पुढं पुढं माझ्या लक्षात आलं की आईची फुलवात रोज सापडेनाशी झाली आहे. कधी तुपाची बुधली रिकामी, कधी काड्यापेटी सादळलेली. शेजारच्या घरांतून बल्ब लागलेले असायचे आणि आमचं घर अंधारात चाचपडत असायचं. मी पाय धुतले की वात आपोआप सापडे. आई यावर माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मीही नाही.

पौषातल्या एका संध्याकाळी मात्र काहीच जुळेना. प्रॅक्टिकलचं उत्तर चुकलं म्हणून सरांनी पुन्हा करायला लावलं. बागेशी आले तर रखवालदारानं फाटक लावून घेतलेलं. बाजारातून वळसा घेतला. घाटावर पोचले तेव्हा नदीवर अंधार उतरत होता. आता उतरायला वेळ नाही म्हणून मी खडीवर तशीच सायकल दामटली आणि वळणापाशी चाक घसरून एका पांढऱ्या धोंड्यावर आदळले. टायर फाटला, गुडघा फुटला, साडी चेनमध्ये गुंतली. उठले आणि त्या धोंड्याला लाथ मारली. लागली मलाच. मग सायकल उचलत, ओढत निघाले. कॉलेज संपलं हे मला कळून चुकलं होतं आणि रडू येत नव्हतं, नुसता जळजळीत राग येत होता. तात्यांचा नाही, त्यांनी अट तरी सांगून घातली होती. आबांचा येत होता.

गल्लीत सगळीकडं उजेड होता. आमचं घर काळंकुट्ट. सोप्यात तात्यांच्या विडीचं टोक तेवढं लाल दिसत होतं. आबा खांबाला टेकून उभे होते आणि आई देवांच्या देवळीपाशी तशीच बसून होती. तात्या तिला कधीचे दिवा लाव म्हणून सांगत होते आणि ती काड्यापेटी गवसत नाही म्हणत होती, हे मला नंतर समजलं. मी उंबऱ्याच्या आत आले आणि सायकल भिंतीला लावली. फाटका टायर जमिनीवर फरफटत वाजला.

तात्या म्हणाले की बाहेर काय वेळ झाली आहे ती दिसतेय सगळ्यांना. ठरलं होतं ते ठरलं होतं.

मी तोंड उघडणार होते. सगळं भडाभडा ओकणार होते, खडी, धोंडे, लडाख, सगळं. पण आबा खांब सोडून पुढं आले. खाली वाकून त्यांनी टायर चाचपला, मग माझा पाय. हाताला रक्त लागलं असावं.

"तात्या, पोरगी चुकली न्हाई," ते म्हणाले. "रस्ता चुकला. म्या केला त्यो रस्ता चुकला."

माझ्या आठवणीत आबांनी कधी चुकलं म्हटलं नव्हतं. पलटणीतल्या गोष्टीतसुद्धा चुकायचा तो नेहमी दुसराच कुणीतरी. तात्यांनाही ते माहीत होतं, धाकटा भाऊ होता त्यांचा. विडी विझली. मग तात्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि स्वतःची काड्यापेटी काढून अंधारातच आईच्या दिशेनं धरली.

"लाव दिवा," ते म्हणाले. "पोरगी घरात आलीया."

आईनं निरांजन लावलं. मी आधी आले होते, दिवा नंतर लागला होता. अट मोडली नव्हती.

सकाळी मी पंक्चरवाल्याकडं सायकल ढकलत निघाले तर आबा रस्त्यावर एकटेच, फावडं घेऊन. वेशीपासून त्यांनी खडी बाजूला ओढायला सुरुवात केली होती आणि मधोमध काळ्या जमिनीची एक पट्टी उघडी केली होती. पट्टी अगदी सरळ, दोरी लावून काढलेली, आणि रुंदीला जेमतेम सायकलचं चाक मावेल एवढी. तेवढ्या चिंचोळ्या जागेतून सायकल चालवायची म्हणजे सर्कसच. दोन्हीकडं खडीचे ढिगारे, पलीकडं ते चुन्याचे धोंडे जागच्या जागी. माझ्या डोक्यात पुन्हा तिडीक गेली. या माणसाला कळणार तरी कधी?

आबा घाम पुसत माझ्याकडं बघत होते. या वेळी छाती काढलेली नव्हती.

"आबा, एवढ्यानं भागायचं न्हाई," मी म्हणाले. "आणिक रुंद करा."

"किती?" त्यांनी विचारलं.

मी सायकल आडवी ठेवली आणि दोन्ही हात पसरून दाखवलं.