चेंडू आत होता

लालबागच्या एका पोराचा फटका रेषेवर पडताना तुम्ही पाहिला होता का? जिमखान्याच्या व्हरांड्यात, हातात चहाचा कप घेऊन?

माझा मोठा भाऊ संदेश दीड महिन्यापूर्वी गेला. साधी कावीळ म्हणून परळच्या हॉस्पिटलात नेला, तो परत आला नाही. तेराव्यानंतर चार दिवसांनी त्याच्या जिमखान्याचं गुळगुळीत निमंत्रण घरी आलं. त्याच्या नावाने करंडक सुरू होतोय. करंडक देणाऱ्याचं नाव मी वाचून दाखवलं आणि आईने कार्ड उलटं करून ठेवलं.

संदेश व्यावसायिक टेनिसपटू होता. तुम्ही त्याला टीव्हीवर पाहिलेलं नाही. जागतिक क्रमवारीत तो हजाराच्या जरा अलीकडे पोचला, तेवढाच. गिरणी बंद पडल्यावर बाबा त्या जिमखान्यात कोर्टवर पाणी मारायचे, रोलर फिरवायचे. त्याच लाल मातीवर संदेश खेळायला शिकला. एका वर्षी मुंबईतल्या मोठ्या स्पर्धेसाठी जिमखान्याला एकच नाव सुचवायचं होतं, म्हणून त्याची एका पदाधिकाऱ्याच्या मुलाशी मॅच लावली. एक पॉइंट मिळाला की संदेश जिंकणार, अशा मॅच पॉइंटला त्याचा फोरहँड रेषेवर पडला. समोरचा म्हणाला, “आऊट.” मातीवर चेंडूचा ठसा राहतो. शंका आली तर तो बघतात, आणि बघण्याआधी जो पुसेल त्याचा पॉइंट जातो, असा नियम आहे. संदेश नेटपर्यंत पोचेतो त्या मुलाने बुटाने ठसा पुसलासुद्धा. खुर्चीतले पंच जिमखान्याचेच सदस्य. “मी काही पाहिलं नाही,” ते म्हणाले, “खेळा पुढे.” व्हरांड्यातल्या दहा-बारा जणांना एकदम आपापल्या कपात काहीतरी दिसलं... संदेश ती मॅच हरला.

“मगे तू गप कित्याक रवलंस?” घरी आईने विचारलं.

“आये, बाबांची नोकरी थंयच हा ना...”

“नोकरीचा माका सांगू नको,” बाबा म्हणाले. “बोंब मारूक व्हयी होती तुया.” ते संपातली पत्रकं वाटलेले गृहस्थ, त्यांना गप्प बसणं कळायचं नाही. मलाही कळत नाही.

पुढची दहा वर्षं संदेश गावोगावच्या लहान स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या खेळला. तिथे बऱ्याचदा पंच नसतो, आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर ते आपणच सांगायचं. एकदा ऐन टायब्रेकमध्ये त्याने रॅकेटने ठशाभोवती गोल काढला आणि पॉइंट समोरच्याला दिला. हरला. मी फोनवर तडकले, “येडा आहेस काय रे?”

“ठसा होता गं तिथे. पुसू काय?”

ठसा पुसणारा तो मुलगा आज स्वतः पदाधिकारी आहे. करंडक तोच देणार. मेलेल्याच्या नावाने वैर धरू नये म्हणतात. मी धरणार आहे. माफ करायचा हक्क संदेशचा होता, आणि तो त्याच्याबरोबर गेला.

त्याचे बूट अजून आमच्या दाराशी आहेत. तळव्याच्या खाचांत लाल माती सुकलीय, आई कुणाला झटकू देत नाही. तीच माती त्या दिवशी आणखी एका बुटाला लागली होती.

येत्या रविवारी तो ठसा पुसणारा करंडक द्यायला हातात घेईल. तुम्ही त्या व्हरांड्यात होतात ना? मग कप खाली ठेवा, उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा : चेंडू आत होता.