जामारीसची रस्त्यावरची घरं

जकार्ताहून सागो डोंगराच्या पायथ्याशी यायचं म्हणजे एक सामुद्रधुनी बोटीने ओलांडायची आणि मग सुमात्रा बेट उभंच्या उभं चढत यायचं. आमच्या गावची माणसं ईदला निघाली की आळीपाळीने गाडी हाकत दोन-तीन दिवसांत दारात हजर होतात. जामारीस शिंप्याला आठवडा लागायचा. गाडी जुनी होती, पण बिचाऱ्या गाडीचा काही दोष नव्हता. ओळखीचं घर दिसलं की जामारीसचा पाय आपसूक ब्रेकवर जायचा, आणि त्या रस्त्यावर त्याच्या ओळखीची घरं काही केल्या संपायची नाहीत.

"आबा, तुमची गाडी पेट्रोलवर नाही, चहावर चालते," त्याची मुलगी इमास म्हणायची.

"मग? लोक प्रेमाने देतात, तर नाही कसं म्हणायचं?"

"आणि आपण पोचायचं कधी?"

"पोचू की. गाव काय पळून चाललंय?"

इमास चिडायची, हसायची आणि पुन्हा गाडीतून उतरून कुणातरी आजीच्या हाताला कपाळ टेकवायची.

ही घरं जामारीसला वारशात मिळाली नव्हती, त्याने एकेक करून मिळवली होती. आमच्याकडे मुलगा मिसरूड फुटायच्या वयाला आला की त्याला घरात करमत नाही आणि घरालाही तो फार दिवस दिसलेला बरा वाटत नाही. बाहेर पड, चार गावचं पाणी पी, काहीतरी होऊन ये. जामारीस निघाला तेव्हा त्याच्याकडे एक कात्री, एक मोजपट्टी आणि बहिणीने बांधून दिलेला भात होता. कुणाच्या तरी ओसरीवर बसून कपडे शिवायचे, तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं आणि गावातले फाटके कपडे संपले की पुढचं गाव गाठायचं. असं करत करत तो मुआरा बुंगोला आला, तिथून बांकोला, तिथून लुबुकलिंगाऊ, मग कोताबुमी. जकार्ताला पोचेपर्यंत पोराचा बाप्या झाला होता.

बांकोला त्याला हिवतापाने धरलं. बुस्तामी नावाच्या रबराचा चीक काढणाऱ्या माणसाच्या आईने त्याला स्वतःच्या लेकासारखं उठवलं-बसवलं, कडू पाल्याचा काढा नाक दाबून पाजला. कोताबुमीला सार्जोनो नावाच्या जावानीज शेतकऱ्याने मेलेल्या बायकोचं शिवणयंत्र त्याच्यापुढे आणून ठेवलं आणि म्हणाला, "गंजण्यापेक्षा चालू दे." लुबुकलिंगाऊच्या हाजी मुख्तारने तर खानावळीचं मागलं दार त्याच्यासाठी कायमचं उघडं ठेवलं होतं, केव्हाही ये आणि जेव. पुढे जकार्तात दुकान झालं, एउईस नावाच्या, शिवणकाम करणाऱ्या सुंदानी बाईशी लग्न झालं, इमास झाली, एउईस गेलीसुद्धा. पण दरवर्षी गावाकडे निघताना जामारीस रस्त्यावरच्या प्रत्येक घरासाठी सदरे शिवून न्यायचा. म्हणायचा, "जाताना ज्यांच्या हातचं खाल्लं, त्यांच्या दारावरून येताना तोंड चुकवून जायचं? मग शिंपी झालो कशाला, चोरच झालो असतो."

मोठ्या मनाचा माणूस. सगळ्या रस्त्याला तो हवासा होता. फक्त रस्ता जिथे संपतो, तिथे मात्र त्याचं जरा बिनसलं होतं.

आमच्याकडे घर बायकांचं. पुरुष लग्न झालं की बायकोच्या घरी राहायला जातो आणि सणासुदीला आईच्या घरी, आई नसली तर बहिणीकडे, माहेरपणाला येतो. जामारीसने बायको परमुलखातली केली, त्यामुळे गावात त्याला सासर नव्हतंच. उरलं माहेर. तिथे थोरली बहीण असनिमार. उनी असनिमार, म्हणजे ताई. तोंडाने तिखट आणि आतून त्याहून तिखट, असं गावात म्हणतात.

असनिमारच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं तेव्हाची गोष्ट. नवऱ्या मुलाला त्याच्या घरून आणायला जातात तेव्हा पुढे विड्याचं तबक असतं आणि बोलायला मुलीचा मामा लागतो. मामाशिवाय ते बोलणं म्हणजे मीठ नसलेली कढी. जामारीस वेळेत निघाला होता. पण तो बांकोला पोचला त्याच सकाळी बुस्तामीची आई वारली. ज्या हातांनी आपल्याला काढा पाजला त्या हातांना माती द्यायला न थांबता पुढे जायचं, हे त्याला जमलं नाही. इकडे दिवस कलेपर्यंत वाट पाहून एका चुलत मामाला उभं केलं. तो मध्येच पाठ विसरला, नवऱ्याकडची मंडळी तोंडावर हात ठेवून हसली आणि पुढे कितीतरी दिवस बाजारात त्याची नक्कल चालली.

संध्याकाळी जामारीस दारात आला. असनिमारने काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "जेवून आला असशील."

आणि हा भला माणूस खरं बोलला. म्हणाला, "हो."

तिने वाढायला घेतलेलं ताट झाकून ठेवलं. तेव्हापासून ती त्याला बालपणीच्या 'बुयुंग' या नावाने हाक मारीना. लग्नात मिळालेल्या किताबाने, 'या सुतान, बसा सुतान' असं, लांबच्या पाहुण्याशी बोलावं तसं बोलायला लागली. मारलं असतं तर बरं वाटलं असतं जामारीसला.

इमासला यातलं अर्धंच माहीत होतं. दुकान तिच्या गळ्यात पडल्यापासून तिला ईदला निघता येत नसे. आबा परत आले की ती विचारायची, "कुठे झोपलात? आत्याकडे?" आणि आबा म्हणायचे, "आपल्या घरीच की."

या वर्षी धाकट्या भाचीचा, रहमीचा, फोन आला.

"मामा, माझं लग्न ठरलंय. महिनाअखेरीला. तुम्ही तबकापुढे नसाल तर नवऱ्याला आणायला कुणी जायचं नाही, असं मी सांगून टाकलंय. तो बसेल त्याच्या घरी, मी बसेन माझ्या."

"अगं, उनी काय म्हणाली?"

"अम्मा म्हणाली, येईल रस्ताभर जेवत जेवत, पोरं झाली की बारशाला."

जामारीसने फोन ठेवला आणि बराच वेळ मोजपट्टी गुंडाळत, उलगडत बसला. मग म्हणाला, "इमास, गाडी तू चालव. माझा पाय ऐकत नाही. आणि या खेपेला कुठेही थांबायचं नाही."

"कुठेही?"

"कुठेही."

इमासने तीन आठवडे दुकान बंद ठेवायची पाटी लिहिली होती, ती हसून तशीच लावली. आबांच्या 'कुठेही'वर कुणी विश्वास ठेवायचा?

पण म्हातारा खरोखर बोलल्याला जागला. बोटीतून उतरून कोताबुमी आलं, सार्जोनोच्या घराचं निळं फाटक दिसायला लागलं, तेव्हा जामारीसने दोन्ही हातांनी डोळे झाकले. "गेलं का?" "गेलं." "तो ओट्यावर होता का?" "होता." "एकटाच?" "एकटाच. तुमच्यासारखाच म्हातारा झालाय." इमासला बापाची इतकी दया कधी आली नव्हती.

मग फोन सुरू झाले. सार्जोनोने हाजी मुख्तारला कळवलं, 'जामारीस न थांबता गेला, पोरगी गाडी चालवतेय, काहीतरी वाईट झालेलं दिसतंय.' मुख्तारने जामारीसला फोन लावून आधी भरपूर शिव्या घातल्या आणि मग सगळं नीट विचारून घेतलं. लुबुकलिंगाऊ आलं तर हा अगडबंब माणूस रस्त्याच्या कडेला उभा, हातात माशाच्या तळलेल्या पेम्पेकचा गरम पुडा.

"उतरू नको! उतरलास तर तंगडं मोडीन!" तो खिडकीतून ओरडला. "हे धर आणि चालू पड. बहिणीला माझा सलाम सांग. पोरी, दाब गं गाडी!"

त्याने पुढच्यांना कळवलं असणार. कारण मग प्रत्येक गावाच्या तोंडाशी कुणी ना कुणी उभं दिसायला लागलं. कुणी लेमांग, म्हणजे बांबूत शिजवलेल्या चिकट भाताची नळकांडी दिली, कुणी केळ्याचे काप, कुणी मुरवलेल्या मिरच्यांची बरणी. एका बाईने तर पिकलेला डुरियन सरळ मागच्या सीटवर टाकला. त्याच्या वासाने इमासला जीव नकोसा झाला. सदऱ्यांचे पुडके जामारीस खिडकीतूनच बाहेर देत होता. गाडी थांबत नव्हती, नुसती मंदावत होती. ज्यांच्याकडे त्याने जन्मभर मुक्काम केले, ते आता त्याला हाताहाती पुढे ढकलत होते. गाडी चालवता चालवता इमासच्या मनात आलं, आपल्या बापाने दुकानाखेरीज काही कमावलं नाही असं आपण समजत होतो, आपण किती आंधळ्या.

बांकोला मात्र बुस्तामी रस्त्याच्या मध्येच उभा राहिला, गाडी थांबवावीच लागली. त्याने पुडा जामारीसच्या मांडीवर ठेवला आणि इमासच्या बाजूला येऊन वाकला.

"मुली, एक ऐक. माझ्या आईला माती देण्यापायी याचं घर गेलं. गावात हा सुराऊत झोपतो, नमाजघरात, पोरासोरांच्या आणि विधुरांच्या रांगेत. या खेपेला झोपू देऊ नको."

इमासने बापाकडे पाहिलं. बाप समोरच्या काचेतून बाहेर पाहत होता.

"आबा?"

"वाईट नसतं गं तिथे. कोनाड्यात माझी चादर असते. दरवर्षी स्वच्छ धुतलेली असते. राखणदार फार चांगला आहे."

इमासने गाडी सुरू केली. बराच वेळ तिला रस्ता नीट दिसेना.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, ती मुआरा बुंगोच्या पुढे. इतका खाऊ गाडीत पडला होता, पण आबांनी एकालाही हात लावला नव्हता. ती खानावळीत जेवून आली तेव्हाही ते पाणी पिऊन गाडीतच बसले होते.

"पोट बिघडलंय का?"

"नाही."

"मग? डॉक्टरकडे नेऊ? तोंड बघा कसं झालंय."

"तू गाडी चालव."

"नाही चालवत जा! आधी सांगा."

जामारीसने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "उनीकडे भुकेलं जायचंय मला," तो म्हणाला. "जन्मात एकदा तरी."

लिंताऊची चढण संपली आणि दुपारी सागो डोंगर समोर आला. गावात शिरताच जामारीसने सवयीने बोट दाखवलं, "सुराऊ उजवीकडे."

"माहीत आहे," इमास म्हणाली आणि गाडी डावीकडे घातली.

असनिमार जिन्याच्या पायरीवर बसून सुक्या मिरच्यांची देठं काढत होती. भाऊ लग्नाच्या दिवशी पोचला तरी नशीब, असा तिचा हिशोब; आणि लग्नाला अजून अवकाश होता. गाडी पाहून ती उठली, पदर झटकला आणि ठेवणीतल्या आवाजात म्हणाली, "या सुतान. बसा. जेवून आला असाल."

जामारीस पायरीपाशी उभा राहिला.

"नाही उनी," तो म्हणाला. "भूक लागलीय."

असनिमारच्या हातातली मिरची हातातच राहिली. ती भावाकडे बघत राहिली आणि एकदम तिचा चेहरा उतरला, कारण घरात काहीच नव्हतं. सकाळचा गार भात आणि तळाशी चिकटलेली चटणी. दुसरं काही नाही.

"आधी कळवता येत नव्हतं?" ती ओरडली. "फोन कशाला बाळगतोस, कानात घालायला? बुयुंग, अरे मेल्या, भाऊ उपाशी दारात आणि माझ्या चुलीत विस्तव नाही!"

इमासला वाटलं आपण मदत करावी. "आत्या, गाडीत खूप खायला आहे. पेम्पेक आहे, लेमांग आहे..."

"ते नको," जामारीस म्हणाला. "ते लग्नाच्या पाहुण्यांना. मला इथलं दे, असेल ते."

असनिमार गाडीपाशी गेली. मागचं दार उघडून तिने सगळे पुडे पाहिले. एकाचीही दोरी सुटलेली नव्हती. डुरियनसुद्धा अखंड होता. तिने दार लावलं, डोळ्यांना मिरचीचा हात लागला असं स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि स्वयंपाकघरात शिरली.

अंडं तळल्याचा चर्र आवाज आला. गार भात, अंडं, चटणी. जामारीस मांडी घालून बसला आणि जेवायला लागला. जेवला म्हणजे काय, तुटून पडला. इतकी वर्षं इमास समजत होती की आबांचं खाणं चिमणीएवढं आहे.

"हळू. ठसका लागेल," असनिमार म्हणाली.

"भात नव्या तांदळाचा आहे का गं?"

"गप्प जेव."

"आणखी आहे?"

असनिमारने पातेलं खरवडून पाहिलं. "संपला. थांब, दुसरा टाकते." मग जिन्याकडे तोंड करून तिने हाक मारली. "रहमी! मामा आलाय. मधल्या खोलीत त्याची गादी घाल. आणि सुराऊत जाऊन कोनाड्यातली चादर घेऊन ये. कालच धुऊन ठेवलीय मी."

जामारीसचा घास हातातच राहिला.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "राखणदार धुतो असं वाटलं होतं तुला? जेव."