शेवटच्या गोळ्यानंतर

आबा गेल्याची बातमी घरात सगळ्यांच्या शेवटी मला कळली. त्या दिवशी आमच्या तोफेची चाचणी होती, आणि चाचणीच्या माळावर जाताना प्रत्येकाला आपला फोन फाटकावर जमा करावा लागतो. दिवसभर मी धुळीत, कानाला बोळे लावून, पडद्यावरचे आकडे बघत उभी होते. संध्याकाळी फाटकावरच्या शिपायानं फोन हातात देताना म्हटलं, "मॅडम, तुमचा लय वाजला आज." प्रशांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "आबा गेले. दुपारी जेवले, जरा कलंडतो म्हणाले... उठलेच नाहीत." मी गावी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. माझे सासरे तोफखान्यात आयुष्य घालवलेले सुभेदार. ते गेले त्या घटकेला मी एका तोफेच्याच शेजारी उभी होते, आणि मला काही माहीत नव्हतं. या गोष्टीचं काय करायचं, हे मला अजून उमगलेलं नाही.

आमचं गाव मेढ्याच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत. भाताची खाचरं, वर उतारावर थोडी वरकस, हलकी जमीन. मी सांगलीची, गावभागातल्या वाणसामानाच्या दुकानदाराची मुलगी; खाचरात पाय कसा टाकायचा हेही मला ठाऊक नव्हतं. प्रशांत सांगलीला शिकायला होता, तिथली आमची ओळख. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेले तेव्हा आबांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "नोकरी करणार न्हवं?" करणार म्हटल्यावर त्यांनी समाधानानं मान हलवली आणि वैरण टाकायला निघून गेले. पुढे पुण्याकडच्या एका कारखान्यात मला जागा मिळाली. तिथं तोफा बनतात हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"कसली गन?"

"चाकांवरची, आबा. मोठ्या ट्रकवरच बसवलेली. ओढून न्यायला दुसरी गाडी लागत नाही. माणसं पुढच्या चिलखती केबिनमध्ये बसतात आणि तिथूनच सगळं करतात. आपण कुठं उभे आहोत ते तिचं तिला कळतं, नळी आपोआप वळते, गोळा यंत्राचा हात उचलून आत सारतो."

"गोळा मशीन भरतं?"

"हो."

ते बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. त्यांच्या तुकडीतला एकेक गोळा जवळजवळ सिमेंटच्या पोत्याएवढा जड, आणि तो माणसांनी उचलून भरायचा, हे मला प्रशांतकडून कळलं होतं. मला वाटलं, आता म्हणतील, आमच्या वेळी असं नव्हतं. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. "शेवटचा गोळा सुटला, की तितनं हालायला किती टाइम लागतो?"

योगायोग असा की माझं काम नेमकं तेच होतं. गोळा सुटल्यावर नळी खाली यायची, जमिनीला टेकलेले लोखंडी पाय वर उचलायचे, सगळं जागेवर अडकलंय याची खात्री करायची आणि मग गाडी हलवायची, हा सगळा क्रम यंत्राकडून बिनचूक आणि लवकरात लवकर करवून घेणारी आमची तुकडी होती. म्हणजे आबांच्या प्रश्नाचं अचूक उत्तर देऊ शकणाऱ्या मोजक्या माणसांतली मी एक, आणि मलाच ते सांगायची मुभा नव्हती. "तेवढं सांगता येत नाही, आबा." त्यांना राग आला नाही. सैन्यात राहिलेला माणूस, गुप्ततेची त्यांना सवय होती. पण त्यानंतर दर वेळी मी गावी गेले, की बॅग खाली ठेवायच्या आत ते विचारायचे, "कमी झाला का गं टाइम?" झाला असेल तर मी नुसती मान हलवायचे. गोळा किती लांब जातो, नळी केवढी, परदेशातल्या तोफेपेक्षा ही बरी की वाईट, असलं त्यांनी कधी म्हणजे कधीच विचारलं नाही.

आबांचा आणखी एक नेम होता. बेदाण्याचा हंगाम संपला की ते इंद्रायणी तांदळाची गोणी घेऊन एसटीनं सांगलीकडे निघायचे. विट्याच्या पुढे एका खेड्यात सुलोचनाकाकी राहायच्या. त्यांचा नवरा ज्ञानू आबांच्याच तोफेवर होता, डोंगरावरच्या लढाईत गेला. काकींनी मागं राहिलेली द्राक्षबाग सांभाळली, एकुलत्या लेकीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. आबा जायचे, एक रात्र राहायचे, बागेतून फेरी मारायचे आणि येताना बेदाणे घेऊन यायचे. सासूबाई होत्या तोवर त्याही जायच्या. घरात सगळ्यांना हे इतकं सवयीचं, की त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटायचं नाही.

दोन वर्षांमागे आमच्या कारखान्यात कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी एक दिवस ठेवला होता. तोफ मैदानात आणून लांबून चालवून दाखवणार होते, नकली गोळ्यासह. मी आबांना म्हटलं, येता का? ते म्हणाले, "येतो. वहिनीला बी घिऊन येतो." काकी आदल्या दिवशी मेढ्याला आल्या. सकाळी साताऱ्याच्या पुढं, पुण्याच्या वाटेवरच्या खंडाळ्याला आम्ही चहाला थांबलो तेव्हा आबा आणि काकी लेकीच्या बाळंतपणाबद्दल, बागेवरच्या रोगाबद्दल बोलत होते, भावाबहिणीसारखे. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, खिशाला पदकांची पट्टी.

मैदानात गाडी धूळ उडवत आली, थांबली. मागचे लोखंडी पाय जमिनीत रुतले, नळी वर झाली, वळली. यंत्राच्या हातानं गोळा उचलला, आत सारला. आवाज नाही, आरडाओरडा नाही. मग पाय उचलले गेले, नळी आडवी झाली आणि गाडी निघूनसुद्धा गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा टाळ्या वाजवत नव्हते. ते गाडी जिथं उभी होती त्या जागेकडे बघत होते.

काकींनी मला विचारलं, "हिच्यावर माणसं किती गं?"

"थोडीच, काकी. सगळी पुढं केबिनमध्ये."

"आन् भाईर?"

"बाहेर कुणीच नाही."

"कुणीच न्हाई..." मग आबांकडे वळून म्हणाल्या, "भावजी, ह्यांचं बी असंच झालं असतं तर... गोळा भरतानाच लागलं न्हवं त्यास्नी?"

इतकी वर्षं आबांनी त्यांना हेच सांगितलं होतं. ज्ञानू गोळा भरत होता, वरून शत्रूचा गोळा पडला, काही कळायच्या आत गेला. त्या दिवशीही ते "व्हय" म्हणू शकले असते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते म्हणाले, "न्हाई वहिनी. भरताना न्हाई."

मग तिथंच, मंडपाच्या कडेला उभं राहून, त्यांनी सांगितलं. गोळे मारून झाले होते. गोळे कुठून आले हे समोरच्याला लगेच कळतं, त्यामुळं जागा सोडायला हवी होती. पण तोफेचा मागचा दांडा दगडात असा अडकला, की सगळ्यांनी जोर लावूनही निघेना. समोरून गोळे यायला लागले, जवळ जवळ पडायला लागले. आबा तोफेचे प्रमुख. त्यांनी सगळ्यांना बंकरात पळायला सांगितलं. "पळताना ध्यानात आलं, साईट ऱ्हायली." साईट म्हणजे तोफेवर नेम धरायची दुर्बीण. तोफ दुरुस्त होते, पण ती काच फुटली की तोफ आंधळी. "ज्ञानू सगळ्यात जवळ हुता. मी म्हनलं, ज्ञानू, साईट काढ. तो मागं फिरला." आबांनी काकींकडे बघितलं. "हुकूम माझा हुता, वहिनी."

काकींनी पदर सारखा केला. जेवणाची पानं मांडली होती, त्या जेवल्या नाहीत. परतीच्या वाटेवर, साताऱ्याच्या स्टँडवर त्या म्हणाल्या, "मला हितं उतरवा. विट्याची गाडी मिळंल." आबा पिशवी घेऊन उतरायला लागले, तेव्हा त्यांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "आता येत जाऊ नगा, भावजी."

पुढच्या हंगामात आबांनी तांदूळ पाखडून गोणीत भरला आणि गोणी ओसरीवर ठेवली. ती तिथंच राहिली. आबा येता-जाता तिला वळसा घालून जायचे. त्यांचं खाणं कमी झालं. मला वेळेबद्दल विचारणंही बंद झालं. प्रशांत म्हणाला, कशाला बोलले, इतकी वर्षं सरली होती. मला तसं वाटत नव्हतं, पण काय वाटतं हेही धड सांगता येत नव्हतं. शेवटी एकदा माहेरी गेले असताना, कुणालाही न सांगता, मी विट्याच्या बसमध्ये बसले.

काकी बेदाण्याच्या शेडवर होत्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. पाणी दिलं, समोर बसल्या. "त्यांनी धाडलं?" नाही म्हटल्यावर त्या जाळीवरचे मणी निवडत बोलायला लागल्या.

"पोरी, हुकमाचा राग न्हाई मला. मी फौजीची बायकू हाय, हुकूम म्हंजे काय ते मला कळतंय. पर माझ्या लेकीला मी ल्हानपनापास्नं एक गोष्ट सांगितली. बाप गोळा भरताना गेला. शाळंत तिनं तीच भाषणात सांगितली, सासरी बी तीच सांगती. आता ती खोटी झाली. आन् खरी कंची, ती मला पुरी ठावं न्हाई." हात थांबवून त्यांनी विचारलं, "ती साईट... निघाली का शेवटी? का निस्ताच गेला?"

मला माहीत नव्हतं.

गावी येऊन मी आबांना काकींचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. आबा घरामागच्या परड्यात बसले होते. ऐकून त्यांनी डोळे मिटले. "कुनी इचारलंच न्हाई हे," ते म्हणाले. "निघाली. कोटाच्या आत घातल्याली, दोनी हातांनी धरल्याली. वरखाडा बी न्हवता तिला. दुसऱ्या दिवशी दांडा मोकळा केला आन् तीच साईट लावून आमी गन चालू केली. खाली आपली पायदळाची पोरं चढत हुती, त्यास्नी आमचाच आधार हुता." मग म्हणाले, "मी फकस्त माझा हुकूम ध्येनात ठिवला. त्यानं काय केलं, ते सांगायचंच ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीवरची गोणी सोडून बघितली. तांदळात पोरकिडे झाले होते. नवी गोणी भरली आणि एसटीनं निघाले. प्रशांत सोबत येतो म्हणाला, त्याला नको म्हणाले. तीन-चार दिवस त्यांचा पत्ता नव्हता, मग परत आले. तिथं काय बोलणं झालं हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही खोदून विचारलं नाही. पिशवीत बेदाणे होते. रात्री ते पोटभर जेवले. त्यानंतरचं वर्षभर मी त्यांना जसं पाहिलं तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. ज्ञानूचं नाव ते सहज घ्यायला लागले. तो रोटी कशी थापायचा, कानडी शिव्या कशा द्यायचा, सुटीवरून येताना बेदाण्याची पिशवी आणून सगळ्या तुकडीला मूठ-मूठ कशी वाटायचा. एकदा काकींची लेक नवऱ्याला आणि मुलीला घेऊन मेढ्याला आली. आबांनी तिला समोर बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती रडली, आबाही रडले. मग तिच्या मुलीला घेऊन ते खाचराकडे बगळे दाखवायला गेले.

माझ्या कामाकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघते, असं म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर काम तेच आहे. तोफ ही शेवटी तोफ. तिचा गोळा कुणावर तरी पडतो, आणि पलीकडेही कुणाच्या तरी घरी लेक असते. आबांशी यावर एकदा बोलले होते. ते म्हणाले, "ते मला बी ठावं हाय. रोज ठावं हुतं." पण आमच्या बैठकीत कुणी म्हणालं, की निघण्याचा वेळ आता पुरेसा कमी झालाय, पुढच्या कामाकडे वळू, तर मी लगेच हो म्हणत नाही. आणखी एकदा बघू, म्हणते. सहकाऱ्यांना वाटतं, मी हट्टी आहे.

दिवसकार्याला काकी आल्या आणि तेरावा होईपर्यंत राहिल्या. दुपारी बायका आबांच्या खोलीत बसायच्या. आबांचा डावा कान तोफेनं कधीच नेला होता, उजव्यानंही कमीच ऐकू यायचं. त्यामुळं त्या खोलीत खुर्ची, स्टूल, चटई, जे काही असेल ते खाटेच्या उजव्या अंगाला मांडलेलं असतं. अजूनही तसंच आहे. डावीकडे खिडकी आहे, वारा आहे, तरी तिकडे कुणी बसत नाही. एका दुपारी काकी खाटेच्या उजवीकडे बसून मला यंदाच्या बागेबद्दल सांगत होत्या. छाटणी उशिरा झाली, माणसं मिळत नाहीत, लेक म्हणते बाग विका. खाट रिकामी होती, चादर बदललेली. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते, आणि काकी चांगल्या मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. मधेच त्यांच्या ते लक्षात आलं. त्या क्षणभर थांबल्या, खाटेकडे बघितलं... आणि मग तेवढ्याच मोठ्या आवाजात पुढचं सांगायला लागल्या.