बनियनवरचं शरीरशास्त्र

आता काय सांगू तुम्हाला, डॉक्टर घडवायच्या नादात एकदा मीच पेशंट झालो!

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा आला, पाऊस मात्र फिरकला नाही. मी अहमदपूरच्या किराणा दुकानदाराचा पोरगा. स्वतःचं डॉक्टर होणं हुकलं, म्हणून दुसऱ्यांना डॉक्टर करायला निघालो! मेडिकलला जाणाऱ्या पोरांसाठी लातुरात जीवशास्त्राची शिकवणी काढली. विद्यार्थी तीन, त्यातले दोन माझेच चुलतभाऊ.

त्या दिवशी निलंग्याचे आडते शिवप्पा लेकीला घेऊन शिकवणी बघायला येणार होते. पोरगी भलतीच हुशार. ती आली की तिच्यामागं अख्खं निलंगा येणार. म्हटलं, असं शिकवायचं की बापाचे डोळेच दिपले पाहिजेत! पुस्तकातली आकृती समोर ठेवली आणि आरशात बघत अंगातल्या बनियनवरच उतरवली. लाल शाईनं हृदय, काजळानं यकृत, निळ्या शाईनं आतडी. काय दिसत होतो म्हणता!

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. दुष्काळात टँकर कुणासाठी थांबतो होय? घागर उचलली आणि तसाच पळालो. ऊन मरणाचं. घामानं लाल शाई पार पोटापर्यंत ओघळली.

"आगं बया! मास्तरला कुणीतरी भोसकलं!" शेजारच्या गंगूबाई किंचाळल्या.

"आडवं करा त्यांला! पाणी पाजा!"

"थांबा की, आदी घागर तर भरू द्या!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

मी ओरडतोय, "अहो, शाई आहे शाई!" पण ऐकतंय कोण? चौघांनी उचलून मला लिंबाखाली निजवलं. मान वर करून बघतो तर समोर शिवप्पा आणि त्यांची लेक!

"काय करलालाव मास्तर?" शिवप्पांनी विचारलं.

लाजेनं मेलो. पण मास्तरच मी! पडल्या पडल्या शिकवायला लागलो. "हे हृदय. हे यकृत. ही आतडी." बायका घागरी खाली ठेवून ऐकायला लागल्या. मला तर चेवच चढला.

पोरगी हळूच म्हणाली, "सर, समदं उलट्या बाजूला हाय न्हवं? यकृत उजवीकडं असतंय."

आरशात पुस्तकासारखी दिसावी म्हणून मी सगळी आकृतीच उलटी काढली होती. संपलं! गेलं निलंगा हातचं!

शिवप्पा मात्र गालातल्या गालात हसले.

"ठिवतो हिला तुमच्याकडं," ते म्हणाले. "तेवढीच तुमचीबी बारावी पक्की व्हईल!"