धुतलेली चांदणी

मदतनीस काकूंच्या हातून न धुतलेली वस्तू कॉलेजच्या प्रयोगशाळेत टेबलावर गेली, असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. काचपट्ट्या, बरण्या, मुलांनी आणलेली पानं, सगळं आधी नळाखाली. त्या सवयीनंच घात केला.

वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी कॉलेजमागच्या झाडीतून एक अळंबी आणून ठेवली होती. मधे सुपारीएवढी पिशवी, भोवती चांदणीसारख्या उलगडलेल्या सात पाकळ्या. काकूंनी ती लख्ख धुतली. पिशवीतली तपकिरी भुकटी मोरीत गेली.

"काकू, ओळख त्या भुकटीतच होती हो." मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या कणांवरचे काटे पाहिले, की ही साधी की दुर्मिळ ते कळतं."

"दुसरी नाही?"

"एकच, कोवळी. पिकायला आठवडा. आणि उद्या मुकादम पाचोळा ओढणार, पाहुणे येताहेत म्हणून. पाचोळा गेला की तीही गेली."

सकाळी मुकादम दोन माणसं घेऊन हजर. काकू झाडीत त्या कोवळ्या अळंबीशेजारी स्टूल टाकून बसलेल्या.

"काकू, कोठीची चावी द्या. दाताळी काढायचीत."

"मी रजेवर आहे."

"रजेवर? मग इथं काय करताय?"

"रजा कुठं घालवायची, ते अर्जात विचारत नाहीत."

माणसं खाली बघून हसली. मुकादमाचे कान तापले. "कुत्र्याच्या छत्रीसाठी एवढं? मी बाहेरून आणतो दाताळी."

"आणा. माझ्या स्टुलाभोवतीनं ओढा. एक मी स्वतः धुऊन घालवली. हिला कुणी हात लावायचा नाही."

दाताळी आली. सगळी झाडी चकचकीत झाली. स्टुलाभोवती मात्र खोलीएवढा पाचोळा तसाच राहिला. काकू रोज येऊन बसल्या.

आठव्या दिवशी पिशवीला तोंड फुटलं. काकूंनी अळंबी खुडली नाही. काडीनं हलकेच टिचकी दिली, उडालेली भुकटी काचपट्टीवर धरली आणि तपकिरी बोटांनी, हात न धुता, प्रयोगशाळेत शिरल्या.

मॅडम बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होत्या. "काटे आहेत, काकू. लांब. दुर्मिळच."

दुपारी झाडाला पुठ्ठा लटकला: पाचोळा काढू नये.

"कुणाच्या परवानगीनं?" मुकादमानं विचारलं.

"वनखात्याला पत्र गेलंय. उत्तर येईपर्यंत माझ्या." काकूंनी चावी कमरेला खोचली. "एकवीस दिवस रजा शिल्लक आहे अजून."